गोड्या विहिरीवरची पाटी

४ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत. सकाळीच माझ्याशी भांडून बागेत गेलेत, म्हणजे तब्येत उत्तम. मी फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं" म्हणतोस, मग मी "बरं" म्हणते, आणि दोघांचं बरं चाललंय असं समजून आपण फोन ठेवतो. बावीस वर्षं आपलं असंच चाललंय, म्हणून हे पत्र.

काम आहे. आपल्या बागेला यंदा सव्वाशे वर्षं पूर्ण होतात. समितीला एक पुस्तिका काढायची आहे, बागेचा इतिहास आणि काय काय बघण्यासारखं आहे ते. चिटणीस रोपवाटिकेत आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा जन्मच बागेतला, तुम्हीच लिहा." मी म्हटलं, जन्म माळ्याच्या खोलीत झाला, कचेरीत नाही, मला सनावळ्या कुठल्या येणार? पण त्यांनी वही हातात दिलीसुद्धा. आता मला आकडे लक्षात राहत नाहीत, तुला राहतात. सोबत पहिली चार पानं आहेत. चुका काढ. दुसऱ्याच्या चुका काढायला तुला शाळेपासून आवडतं.

सुरुवात मी दगडांपासून केली आहे. जहाजं रिकामी यायची तेव्हा तोल राहावा म्हणून पोटात दगड भरून आणायची, इथे किनाऱ्यावर ओतायची आणि माल भरून निघून जायची. म्हणजे आपण ज्या हिरवळीवर लोळलो तिच्या खाली परमुलखातले दगड आहेत. मग बंदरावरच्या एका डॉक्टरने हट्ट धरला की आजारी खलाशांना बसायला सावली पाहिजे. गाड्या भरभरून माती आणली. पहिल्या माळ्याने चाळीस जातींची झाडं लावली, खाऱ्या वाऱ्याने सदतीस मारली. उरलेल्या तिघांच्या रांगेत आज लोक फोटो काढतात.

पुढे वाद्यमंडप, दोन तोफा, कासवांचं तळं आणि छोटी आगगाडी. तोफेवरून पडून तुझा पुढचा दात गेला ते लिहिलेलं नाही, निश्चिंत राहा. गाडीच्या भोंग्यापेक्षा तू मोठ्याने रडायचास म्हणून तुझं नाव भोंग्या पडलं, हेही लिहिलेलं नाही. पण मोह झाला होता.

गोड्या विहिरीवर अर्धं पान झालंय. समुद्रापासून शंभर पावलांवर गोडं पाणी कसं, हे लोक नेहमी विचारतात, तर तिथे मी सोपं करून सांगितलंय: खाली खारं पाणी असतं, पावसाचं गोडं पाणी त्यावर सायीसारखं धरून राहतं. सावकाश काढलं तर साय पुरते. ओरबाडलं तर खालचं खारं वर येतं.

काचघराचं पान अजून लिहायचंय. त्याला वेळ आहे.

उत्तर पाठव. फोन नको.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं उत्तर मिळालं. अकरा चुका! तोफा दोन नाहीत, तीन होत्या, एक वाळूत गेली. वाद्यमंडपाला आठ नाही, दहा खांब. मी परवा जाऊन मोजले. दहाच आहेत. तीस वर्षं मी त्याच्या शेजारून रोज जाते आणि तू तिकडे चारशे मैलांवर बसून खांब सांगतोस, कमाल आहे बाबा तुझी. पण अकरा चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल एक ओळ लिहू नये? जेवतोस का, केस उरलेत का, काहीच नाही.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी भिंग लावून सगळं वाचलं, खांबांपाशी मान हलवली, आणि कागद परत दिला नाही. चष्म्याच्या डबीखाली घडी घालून ठेवलाय. ऐकू आता जवळजवळ येतच नाही. तुझं नाव ते काढत नाहीत, पण डाकवाला कधी येतो हे मला दोनदा विचारून झालं.

आता अवघड भाग. परवा चिटणिसांनी मला समितीचा जुना अहवाल दिला आणि म्हणाले, काचघराचा मजकूर यातूनच घ्या. त्यात एक वाक्य आहे. तसंच उतरवते: "तत्कालीन पंपचालकाने विहिरीचा बेसुमार उपसा केल्यामुळे काचघरातील नव्वद वर्षांचे नेचे नष्ट झाले." पंपचालकाचं नाव नाही, पण बागेत पंपचालक एकच होता, आणि तो माळ्याचा मुलगा होता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, हे गाळू या. ते म्हणाले, "ताई, इतिहास तो इतिहास." म्हणजे आता ते वाक्य माझ्या नावाखाली छापायचं.

तुझ्या बायकोचं मागे पत्र आलं होतं. तुला सांगितलं नसेल तिने, आता माझ्यावर चिडू नकोस. तिने लिहिलं होतं की तुमच्या गॅलरीत एक कुंडी नाही. शेजारणीने रोप दिलं तर तू ते परत नेऊन दिलंस, म्हणालास माझ्या हाताखाली जगायचं नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि रोपवाटिकेत जाऊन उगाच रिकाम्या कुंड्या धूत बसले.

बाबा त्या दिवशी काचघराच्या दारात तुला जे बोलले तेच शब्द ना हे? "तुझ्या हाताखाली गवताची काडी जगायची नाही." मी तिथेच उभी होते, तुझ्यापासून तीन पावलांवर.

त्या आठवड्यात मला सर्दी होती. तोंडाला चव नव्हती. तुला आठवत असेल किंवा नसेल.

पुढची पानं सोबत आहेत, समुद्राच्या भिंतीवरची आणि कारंज्यावरची.

ताई


१२ मार्च

प्रिय भोंग्या,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. कारंज्यात एकही चूक सापडली नाही यावर माझा विश्वास नाही.

मला सर्दी नव्हती.

हे लिहिलं, आता पुढचं लिहायलाच हवं. मी हे पुस्तिकेसाठी लिहावं तसं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे पळवाट राहणार नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी वाच.

विहिरीवर रोज सकाळी चहाच्या आधी पाणी चाखायचं, ही बागेची पहिल्या माळ्यापासूनची रीत. ओंजळभर तोंडात घ्यायचं, जिभेवर घोळवायचं, थुंकायचं. मग कठड्यावरची पाटी ओल्या फडक्याने पुसून तीनपैकी एक शब्द लिहायचा. गोड असेल तर काचघराला पाणी. मचूळ असेल तर फक्त हिरवळीला. खारं असेल तर आठ दिवस विहीर बंद. नेच्यांना मिठाचा वाससुद्धा चालत नाही, म्हणून तर त्यांना काचेत ठेवलेलं. बाबांची जीभ तंबाखूने मेली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी चौदा वर्षांची होते. माझ्या जिभेवर बाबांचा तुझ्या परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त विश्वास होता, आणि मला त्याचा किती ताठा होता ते तू बघितलंयस. आई गेलेली, तुझा डबा मी भरायचे, वेणी माझी मीच घालायचे, पण विहिरीवर गेले की बागेतले सगळे माळी हातात झाऱ्या घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

मग समितीने पंप बसवला. किल्ली बाबांनी तुला दिली. तू पॉलिटेक्निक शिकून आला होतास, तुलाच द्यायला हवी होती, त्यात बाबांचं काही चुकलं नाही. पण किल्ली देताना ते माळ्यांसमोर म्हणाले, "आता बागेचं पाणी माझ्या लेकाच्या हातात." मी कठड्यापाशी उभी होते, हनुवटीवरून पाणी गळत होतं. अकरा वर्षं मी चाखत होते रे. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

मी रुसले. पंचवीस वर्षांची घोडी, आणि रुसले. मनात म्हटलं, पंप त्याचा तर पाणीही त्यानेच बघावं. पण तसं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, आणि पाटी कोरी ठेवली तर बाबा विचारतील ही भीती. त्या महिन्यात पाणी कधीच बिघडत नाही हे मला तोंडपाठ होतं. म्हणून पाटीवर आदल्या दिवशीचं "गोड" तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तसंच. आठ दिवस. मी विहिरीकडे जायचे, कठड्याला हात लावून परत यायचे. महिना नेहमीचाच होता, पण उपसा पंपाचा होता, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. तू पाटी वाचून पंप सुरू करत होतास.

नवव्या दिवशी नेच्यांची टोकं काळी पडली. बाराव्या दिवशी आजोबा गेला. माणसाच्या उंचीचा तो नेचा, त्याच्या पानांखाली आपण लपायचो. बाबा त्याच्या बुंध्याला हात लावून रडले, आणि मग दारात येऊन तुला ते बोलले. तू एक शब्द उलट बोलला नाहीस. मी पण नाही. माझी नेमणूक त्याच आठवड्यात कायम व्हायची होती. मी स्वतःला सांगितलं, आठ दिवसांनी सांगू, कागद हातात पडला की सांगू. कागद पडला तोवर तू गेला होतास. मग सांगून काय उपयोग, असं म्हणत राहिले. हे सगळ्यात सोपं वाक्य आहे, कितीही वर्षं पुरतं.

रोपवाटिकेत मी हजारो रोपं वाढवली. लोक म्हणतात, ताईंच्या हाताला काय गुण आहे. प्रत्येक वेळी मला तुझी रिकामी गॅलरी दिसते, न बघितलेली.

तुझ्या हातात काहीही वाईट नव्हतं. हे मला बावीस वर्षांपूर्वी, तीन पावलांवरून, मोठ्याने म्हणायला हवं होतं.

ताई


३ एप्रिल

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र काल आलं. आधी कारंज्याच्या चार चुका, क्रमांक घालून. मग खाली तीन ओळी. त्या मी इतक्या वेळा वाचल्या की आता कागद न बघता लिहिते.

"ताई, नवव्या दिवशी मी पाणी चाखलं, मग पाटीला हात लावला. खडू जुना होता, बोटाला लागला नाही. मला तेव्हाच कळलं. तू सांगशील म्हणून मी दारात गप्प उभा होतो."

आणि सगळ्यात खाली: "बाबांना सांगितलंस?"

तर तुला माहीत होतं. म्हणजे तू बाबांचं बोलणं ऐकत नव्हतास, माझी वाट बघत होतास. मी रोपवाटिकेच्या पायरीवर बसले आणि रडले. माळीणबाईंनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं कुणी नाही.

काल दुपारी बाबांना सांगितलं. तुला हसू येईल, मलाही आता येतंय, तेव्हा नाही आलं. असं काही हळू आवाजात, हात हातात घेऊन सांगायचं असतं. बाबांना हळू काही ऐकूच येत नाही. ते बागेत त्यांच्या नेहमीच्या बाकावर, काचघरासमोर. काचघरात आता आइस्क्रीमचं दुकान आहे. मी म्हटलं, "बाबा, पाणी मी चाखलं नव्हतं." ते म्हणाले, "मोठ्याने." मी परत म्हटलं. "अगं मोठ्याने बोल की." तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडले, "आठ दिवस मी पाणी चाखलं नाही! पाटी खोटी होती! भोंग्याची काही चूक नव्हती!" आइस्क्रीमवाल्याने चमचा खाली ठेवला. कासवं बघायला आलेली एक सहल थांबली. बागेत बरोबर त्या ठिकाणी, जिथे मी गप्प राहिले होते, तिथेच मला सगळ्यांसमोर बोंबलावं लागलं. बरं झालं.

बाबा काठी घेऊन उठले आणि एकटे घरी गेले. रात्री मी वाढलेलं जेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही. आज सकाळीही नाही. जे काय असेल ते मी सोसेन. तुझ्या वाट्याला बावीस वर्षं आलं, माझ्या वाट्याला दोन दिवस आलंय.

काचघराचं पान लिहून दिलं. शेवटचं वाक्य असं आहे: "विहिरीचे पाणी आठ दिवस न चाखता पाटीवर 'गोड' राहू दिल्यामुळे येथील नेचे गेले, ही चूक प्रस्तुत लेखिकेची होती, पंपचालकाची नव्हती." चिटणीस घाम पुसत म्हणाले, "ताई, असं छापत नाहीत हो. तुमची बढती तोंडावर आलीय." मी म्हटलं, इतिहास तो इतिहास. त्यांचंच वाक्य, त्यांना नाही म्हणता येईना. छपाईला गेलंय.

तू ये, असं मी लिहिणार होते. बाबांशी बोलून लिहीन म्हणून थांबलेय.

ताई


९ एप्रिल

प्रिय भोंग्या,

हे पत्र घाईत आहे, कारण ते आमच्याआधी पोचायला हवं.

चौथ्या दिवशी बाबा बोलले. मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुझं जे चुकलं ते चुकलं. तू पंचवीसची होतीस. मी बासष्टचा होतो." मी म्हटलं, बाबा, मी त्याला बोलावून घेते. तर इतक्या जोरात काठी आपटली की मांजर पळालं.

"त्याला कशाला बोलावतेस? तो आपणहून गेला का? मी घालवला. मग जायला मी पाहिजे."

भोंग्या, या माणसाने आयुष्यात एक रात्र बागेबाहेर काढलेली नाही. आपल्या मावशीच्या लग्नाला संध्याकाळी परत आले होते, झाडांना पाणी कोण घालणार म्हणून. आणि आता स्वतः बस स्टँडवर जाऊन तिकिटं काढून आलेत. मंगळवारी संध्याकाळी निघतो, बुधवारी दहाच्या सुमारास तुझ्या दारात. चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही हे मी त्यांना सांगितलंय. म्हणाले, समुद्राची भिंत रोज चढतो मी. ती अडीच फूट आहे, पण जाऊ दे.

गोड खायला देऊ नकोस, साखर वाढलीय. उशी पातळ लागते. गुडघे दुखतात, पण दारात खुर्ची पुढे करू नकोस, आधी बसणार नाहीत. त्यांना काहीतरी बोलायचंय. एकच वाक्य आहे. चार दिवस अंगणात येरझाऱ्या घालत पाठ करतायत. स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे आपण मनातल्या मनात म्हणतोय असं त्यांना वाटतं, आणि सगळ्या गल्लीला ते वाक्य पाठ झालंय. समोरची शिक्षिका काल मला म्हणाली, "ताई, 'लेका'नंतर ते रोज अडकतात हो."

अडकतातच. "लेका" इथवर येतात आणि आवाज जातो. तुझ्या दारातही तसंच होईल. पुढचे शब्द तुला कळतील, तुझ्या तोंडावर येतील, तू त्यांना सोडवायला जाशील, मी ओळखते तुला. तसं करू नकोस. तू गप्प राहून खूप जणांना सोडवलंस, या वेळी त्यांना बोलू दे. उभे राहतील, घसा खाकरतील, जिन्याचा कठडा धरतील. थांब. ते म्हणतील.

त्यांचं झालं की जरा बाजूला बघ. मी मागे एक पायरी खाली असेन. पत्रात मी सगळं लिहिलं, पण दोन शब्द प्रत्येक वेळी लिहून खोडले. ते कागदावर म्हणायचे नव्हतेच. मला पाठ करावे लागलेले नाहीत.

तुझी,
ताई